काकवीत न भिजलेला दिवा

गंज काढणं म्हणजे काय हे डरवूडला कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही एवढंसुद्धा त्याला कळत नव्हतं. आयडाबेल स्लोनचं आपल्या मावसभावाबद्दल हे असं मत होतं आणि ते तिने कधी झाकून ठेवलं नाही. रॉकलिक ओढ्याच्या त्या अरुंद खोऱ्यात मतं झाकून ठेवायला जागाच कुठे होती म्हणा!

आयडाबेलने जिल्ह्याच्या शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात एकतीस वर्षं काढली होती. दिवे, तारा, बॅटऱ्या हे तिचं खातं. बंद पडलेली बस नुसती रस्त्याच्या कडेला उभी दिसली तरी ती लांबून सांगायची, कुठली तार कुठे कुजली आहे ते. अशा बाईसमोर जुलैतल्या एका सकाळी डरवूड पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभा राहिला. एका हातात खोकं, दुसऱ्या हातात उंच धरलेला फोन. लेक्सिंग्टन शहरात तीस वर्षं विमा विकून, दात नवे बसवून घेऊन तो गावी परतला होता आणि आता जुने ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायची चाकांवरची घरं, दुरुस्त करतानाचे व्हिडिओ काढून जगाला दाखवायचा. जगही असं रिकामटेकडं, की बघायचं.

"मंडळी, ही माझी मावसबहीण आयडा. हिच्याइतकं दिव्यांतलं या खोऱ्यात कुणाला..."

"आधी तो फोन खाली कर."

"अगं, लोकांना आवडतं."

"लोकांना काहीही आवडतं. खाली कर."

फोन खाली गेला. खोक्यात पाच दिवे होते. चार छोटे, ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवरचे. पाचवा मोठा, दारावरचा. मधाच्या रंगाची जाड काच आणि तिच्यामागे पोलादी बैठक. बैठकीवर गंजाचे असे पापुद्रे चढले होते की नखाने उचलावेत. आयडाबेलने तो दिवा हातात घेऊन उलटासुलटा फिरवला. तो तिच्या बापाचा दिवा होता.

"काकवी," ती म्हणाली.

"काय?"

"गोड ज्वारीच्या ताटांची काकवी. वाटीभर काकवीला नऊ वाट्या पाणी. त्यात बुडवायचं, झाकण घालायचं आणि दोन आठवडे विसरून जायचं. आंबूस वास सुटेल, सुटू दे. गंज आपण होऊन पत्रा सोडतो. पत्र्याला ओरखडासुद्धा येत नाही."

डरवूड हसला. नव्या दातांमुळे ते हसू त्याच्या तोंडाला एक माप मोठं व्हायचं.

"दोन आठवडे! आयडा, मला दर शुक्रवारी व्हिडिओ टाकावा लागतो. झाकण घातलेली बादली कोण बघणार?"

"बघायला कुणी सांगितलंय? गंज काढायचाय ना?"

"हॅझर्ड गावात एकजण वाळूचा फवारा मारून देतो. दहा मिनिटांत पत्रा चांदीसारखा. वर भट्टीत भाजलेला रंग. शंभर वर्षं गंज धरणार नाही."

"मग मला विचारायला कशाला आलास?"

"मानाचं विचारणं असतं गं," असं म्हणून त्याने खोकं उचललं आणि गेला. त्याच्या पाठमोऱ्या पांढऱ्या पँटकडे बघत आयडाबेल म्हणाली, "विमेवाला." त्याहून मोठी शिवी त्या दिवशी तिला सुचली नाही.

तिच्या अंगाची आग होत होती ती वाळूच्या फवाऱ्यामुळे, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण जुनं होतं.

आयडाबेलचा बाप आर्व्हेल स्लोन हा खाणकामगार आणि उपदेशक. त्या डोंगरांतल्या जुन्या बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये उपदेशकाला पगार नसतो आणि तो कुठल्या शाळेत शिकूनही येत नाही. आठवडाभर कोळसा खणायचा आणि शनिवार-रविवारी प्रभूचं नाव घ्यायचं. आर्व्हेलकडे चार खोऱ्यांतली चार देवळं होती, महिन्याच्या एकेका रविवारी एकेक. मुक्कामाला त्याने सोळा फुटांचा, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, छप्पन सालचा ट्रेलर घेतला होता. मोटारीच्या मागे अडकवायचा आणि निघायचं. पोचल्यावर पहिलं काम एकच, दारावरचा मधरंगी दिवा लावणं. भर दुपार असली तरीही. दिवा लागलेला दिसला की कुणीही यावं, दाराच्या पायरीवर बसावं. आर्व्हेल काही विचारत नसे. तो म्हणायचा, "दिवा लागलाय. बोल." आणि येणाऱ्याने आधी स्वतःची चूक सांगायची, दुसऱ्याची मग. त्या पायरीवर भावाभावांचे बांधावरचे तंटे मिटले, पळून गेलेल्या पोरी माहेरी परतल्या. कित्येकांचं तर दुसऱ्याच्या चुकीपर्यंत पोचायच्या आतच रडू फुटायचं.

आर्व्हेल गेला त्याला बावीस वर्षं झाली. ट्रेलर आयडाबेलच्या कोठारामागे ताडपत्रीखाली उभा राहिला. "मी करीन तो नीट," आयडाबेल म्हणायची. पहिल्या वर्षी म्हणाली. दहाव्या वर्षीही म्हणाली. जिल्ह्याच्या एकशे चाळीस बसगाड्यांचे दिवे तिच्या हातून पेटले, आणि बापाचा एक दिवा गंजत राहिला. मग गेल्या वसंतात डरवूड आला आणि आयडाबेलच्या आईकडे, झेलाकडे, त्याने ट्रेलर मागितला. एक्याण्णव वर्षांच्या म्हातारीने तो देऊन टाकला. मुलीला विचारलंसुद्धा नाही.

"आई, मी करणार होते!"

"तू करीन म्हणालीस," झेला म्हणाली. "तो करतो म्हणाला."

झेलाची एकच अट होती. ट्रेलर नंतर टेनेसीतल्या कुणा हॉटेलवाल्याला विकायचा तर खुशाल विक. पण त्याआधी ऑगस्टमधल्या, गेलेल्या माणसांच्या स्मरणाच्या सभेला तो डोंगरावर आण, आणि दारावरचा दिवा लाव. झेलाची नजर मधोमध विझली होती. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण डोळ्याच्या कडेने उजेड कळायचा. "तेवढा एकदा बघते," ती म्हणाली. "पुढच्या ऑगस्टला कडाही राहायच्या नाहीत."

सभेच्या आधीच्या गुरुवारी डरवूडने आयडाबेलला बोलावून घेतलं. ट्रेलर त्याच्या अंगणात उभा होता आणि खोटं कशाला बोलावं, झगमगत होता. पाचही दिवे बसवलेले. भट्टीतला रंग असा गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. दिव्यांखाली नवी काळी रबरं, आणि स्क्रूंच्या डोक्यांनाही तोच रंग.

"स्क्रूसुद्धा?" आयडाबेलने विचारलं.

"एकही जागा उघडी सोडलेली नाही," डरवूड छाती काढून म्हणाला. "गंजाला शिरायला सुईइतकी फट नाही."

आयडाबेल जवळ गेली. तिने बोटाने स्क्रूचं डोकं चाचपलं, रबर चाचपलं आणि त्याच क्षणी तिला कळलं की हा दिवा लागणार नाही. या जुन्या दिव्यांना तार एकच असते. वीज तारेतून बल्बमध्ये येते आणि परत जाते ती दिव्याच्या बैठकीतून, स्क्रूमधून, ट्रेलरच्या अंगाच्या पत्र्यातून. म्हणून स्क्रूच्या डोक्याखाली नाण्याएवढी जागा उघडी ठेवावी लागते. तिचा बाप दर वसंतात तेवढी जागा चाकूने खरवडायचा, वर बोटभर व्हॅसलीन फासायचा. लहानगी आयडाबेल काच धरून उभी असायची. डरवूडने ती जागा रंगवून टाकली होती. विजेला यायला दार होतं, जायला नव्हतं.

"लावून बघितलास?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बसवायच्या आधी टेबलावर बल्ब बघितला, मस्त लागतोय. आता बसवल्यावर मुद्दाम नाही लावला. पहिल्यांदा लागणार तो रविवारी, सगळ्यांसमोर, फोन चालू असताना. आपण आधीच बघितलं की चेहऱ्यावर ते येत नाही गं, आश्चर्य." मग तो जरा घुटमळला. "कसा झालाय? खरं सांग."

या क्षणी आयडाबेलला खरं सांगता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं, तिच्या खिशात चाकू होता. ती त्या पांढऱ्या पँटकडे, त्या नव्या दातांकडे बघत राहिली.

"फार सुंदर," ती म्हणाली.

विमेवाल्याचे डोळे भरून आले. गाढवाला वाटलं, कौतुक झालं.

तीन दिवस आयडाबेल मनातल्या मनात तो प्रसंग चघळत होती. बटण दाबलं जाईल, दिवा ढिम्म, आणि मग तो दीडशहाणा तिच्याकडे वळेल. "आयडा, जरा बघतेस का?" तेव्हा ती आधी मक्याचा ब्रेड संपवेल. मग हात पुसेल. मग उठेल. भांडी घासताना तिला एकटीलाच हसू यायचं.

रविवारी डोंगराच्या कुशीतल्या दफनभूमीजवळ, बीच नावाच्या गर्द झाडांखाली मंडळी जमली. भिंती नसलेला लाकडी मांडव, त्यात बाकं. बाजूच्या टेबलांवर झाकलेली ताटं: वाळवून शिजवलेल्या घेवड्याच्या शेंगा, कोंबडीचा रस्सा, सुक्या सफरचंदाचा थरांचा केक. ट्रेलर मांडवाला लागूनच उभा केला होता, दार सावलीकडे. झेलाची खुर्ची दारापासून दोन हातांवर, दिव्याच्या अगदी खाली, मान जराशी वाकडी. कडेची नजर दिव्यावर यावी म्हणून तिने तशी बैठक साधली होती. आयडाबेल शेजारी बसली.

"आई, मान दुखेल."

"दुखू दे. बावीस वर्षं या दिव्यासाठी कुठे दुखली होती?"

या मंडळींत वाद्य नसतं. एकाने ओळ भराभर सांगायची आणि सगळ्यांनी ती डोंगरासारखी चढ-उताराची, लांबवत लांबवत उचलायची. ती पहिली ओळ उठली तेव्हा आयडाबेलच्या मनातलं चघळणं थोडं थांबलं. गाणं संपल्यावर आजचे उपदेशक ब्रदर हार्गिस उठले. वय त्र्याऐंशी, दोन बोटं खाणीत गेलेली. रीतीप्रमाणे त्यांनी आधी माफी मागितली: मी अडाणी माणूस, मला बोलता येत नाही, प्रभूने तोंड उघडलं तरच उघडेल. हे सगळं साध्या बोलण्यात. मग आवाज किंचित वर सरकला. मग बोलणं आणि गाणं यांच्यामधला बांध कधी फुटला कुणालाच कळलं नाही, आणि ओळीओळीला श्वास 'हा!' करून बाहेर पडू लागला.

"पूर आला होता ओढ्याला, हा!
पलीकडे एकजण मरणाला टेकला होता, हा!
लोक म्हणाले आर्व्हेल, सकाळी जा,
आर्व्हेल म्हणाला सकाळपर्यंत तो थांबेल का, हा!
कमरेएवढ्या पाण्यातून गेला, माझे भाऊ, माझ्या बहिणी,
आणि मागे बघितलं तर दारावरचा दिवा, हा!
कुणी लावून ठेवला? झेलाने लावून ठेवला!"

बायका रडत होत्या. कुणी उठून शेजारणीचा हात हातात घेत होतं. म्हाताऱ्या झेलाचे ओठ हार्गिसांच्या सुरावर हलत होते. असा उपदेश ऐकताना दगडालाही घाम फुटावा. आयडाबेललाही घाम फुटला होता, पण ती स्वतःला सांगत होती की ऑगस्टचा उकाडा आहे.

हार्गिसांनी सूर खाली आणला आणि डरवूडला खूण केली. उपदेशाच्या वेळी फोन चालणार नाही असं त्यांनी आधीच बजावलं होतं, दिव्यापुरती परवानगी होती. डरवूड पुढे झाला. फोन एका काठीवर रोवला, शर्ट नीट केला, चेहऱ्यावर आश्चर्य आणण्याची तयारी केली.

"आर्व्हेल काकांच्या दिव्याला आज बावीस वर्षांनी..." असं म्हणून त्याने बटण दाबलं.

काहीही झालं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. बंद, चालू, बंद, चालू. काचेवर टिचकी मारली. आश्चर्य चेहऱ्यावर आलं खरं, पण ते नव्हे जे हवं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "विम्याचा दावा लाव आता," आणि दबकं हसू पसरलं. डरवूडने घाईघाईने बल्ब बदलला. दुसराही ढिम्म. त्याच्या मानेवरून घाम ओघळून शुभ्र कॉलरमध्ये गेला. आयडाबेलच्या मनात गोड गुदगुल्या होत होत्या. बघ आता इकडे. बघ. म्हण, आयडा जरा बघतेस का.

डरवूडने तिच्याकडे बघितलं नाही. तो झेलाकडे बघत होता.

झेलाची मान तशीच वाकडी होती. ती थोडी आणखी वाकडी झाली. मग दुसऱ्या बाजूने. लोक हसताहेत हे तिने ऐकलं होतं, आणि इतक्या वर्षांनी दिवा लागला की माणसं हसतात, रडतात, असं तिने मनाशी धरलं असावं.

"लागला का गं?" तिने हळू विचारलं.

आयडाबेल बटणाकडे बघत राहिली.

"लागला असणार," झेला म्हणाली. तिने मान सरळ केली आणि हात मांडीवर ठेवून दिले. "मलाच दिसत नाहीये. गेल्या वाटतं कडाही. जाऊ दे."

एकतीस वर्षं बिघडलेल्या गाड्यांकडे बघून बघून आयडाबेलची नजर तयार झाली होती. कुठलं जोडकाम कुठे तुटलंय, हे तिला लांबून कळायचं. आत्ता तर तुटकं टोक तिच्याच हातात होतं. 'जाऊ दे' हे दोन शब्द तिच्या कानांत शिरले आणि तीन दिवसांची सगळी गोडी तोंडात कडू झाली. ती उठली, खुर्ची मागे पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आई, लागलेला नाही! तुझे डोळे आहेत तसेच आहेत, दिवाच लागलेला नाही. डरवूड, बटण बंद कर. काच काढ आणि धर. पाडलीस तर तुला इथेच पुरेन, जागा आहे."

खिशातला चाकू उघडला. दोन स्क्रू निघाले. तिने बैठकीच्या भोकाभोवतीचा भट्टीतला रंग खरवडायला घेतला. शंभर वर्षांची हमी असलेला रंग, सुटायला तयार होईना. खरवडताना चाकू निसटून अंगठ्याला लागला. नाण्याएवढा पत्रा उघडा झाला. मग स्क्रूंची डोकी खालून खरवडली आणि त्यांचे आटे झग्याच्या घेराला घासून लख्ख केले.

तेवढ्यात तिच्या कोपराला काहीतरी टोचलं. झेलाने पर्समधली व्हॅसलीनची चपटी डबी पुढे केली होती.

"ह्यातलंच लावायचे तुझे बाबा," झेला म्हणाली.

आयडाबेलचा हात थांबला. म्हातारीला काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण नुसत्या खरवडण्याच्या आवाजावरून तिने ओळखलं होतं. आणि एवढं ओळखलं असेल तर पुढचंही. बोटभर व्हॅसलीन लावून तिने स्क्रू आवळले, काच बसवली.

"दाब."

दिवा लागला. मधासारखा, जाड, संथ उजेड बीचच्या सावलीत सांडला आणि झेलाच्या डाव्या गालावर येऊन बसला.

"आहे," झेला म्हणाली. तिची मान पुन्हा वाकडी झाली. "आहे गं. इकडे, डावीकडे. तस्साच आहे." ती बराच वेळ बघत राहिली आणि कुणीही तिला घाई केली नाही. कुणीतरी न सांगता गाण्याची ओळ उचलली. ती चढली, उतरली, विरली. मग मान न हलवता झेला म्हणाली, "गुरुवारी बघून आलीस, तेव्हाच कळलं होतं ना तुला?"

आयडाबेलने चाकू मिटून खिशात टाकला. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"आई, सगळ्यांसमोर..."

"दिवा लागलाय, आयडा. बोल."

खाली पायरी होती. बसगाड्यांची राणी त्या पायरीवर बसली, गुडघे कुरकुरले. समोर डरवूड उभा होता, शर्ट घामाने चिकटलेला, आणि काठीवरचा त्याचा फोन अजून चालूच होता. ते तिने बघितलं आणि तरीही बोलली.

"मला कळलं होतं. स्क्रूला हात लावला तेव्हाच कळलं. तू खरं सांग म्हणालास आणि मी फार सुंदर म्हणाले. मला तुझी फजिती बघायची होती. आणि त्याच्याआधीचं सांगायचं तर बावीस वर्षं मी याला हात लावला नाही. तू लावलास म्हणून मला सोसलं नाही."

ब्रदर हार्गिसांनी फक्त "हा," म्हटलं, अगदी हळू. डरवूडने काठीवरचा फोन उचलला, बंद केला आणि खिशात टाकला.

"म्हणजे 'फार सुंदर' खोटंच होतं?" त्याने विचारलं. एवढं सगळं ऐकून या माणसाला हेच लागलं होतं!

"सुंदर होताच रे. पेटणारा नव्हता."

त्याने हात पुढे केला. सभेच्या शेवटी सगळ्यांनी सगळ्यांचे हात हातात घ्यायचे ही रीत असते. तिची सुरुवात त्या दोघांपासून झाली. आयडाबेलने त्याचा मऊ, विमेवाल्याचा हात आपल्या रक्ताळलेल्या, व्हॅसलीनने चिकट झालेल्या हातात घट्ट धरला आणि त्याच्या पांढऱ्या बाहीला डाग पडला तरी सोडला नाही.

"टेनेसीला न्यायच्या आधी बाकीचे चार दिवे घेऊन ये माझ्याकडे," ती म्हणाली. "तेही पेटायचे नाहीत."

"काकवीत घालणार?"

"आता कसली काकवी? गंज ठेवलायस कुठे?" ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "पण एक सांग मला, गाढवा. स्क्रूच्या डोक्याला कुणी रंग लावतं का रे?"

झेला दिव्याकडे मान वाकडी करून बसली होती. ती म्हणाली, "हळू भांडा. मी बघतेय."